भुऱ्याची गुरगुर

एकदा एका बाजारगावातल्या कापडव्यापाऱ्याने आपल्या कुत्र्याला न गुरगुरण्याचे शिक्षण दिले आणि साऱ्या पेठेने त्याचे तोंड भरून कौतुक केले. कौतुक करणाऱ्यांत एकालाही त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही. खरे सांगायचे तर तुम्हाआम्हालाही वाटले नसते.

व्यापारी मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पाच वर्षांपूर्वी नाल्याच्या काठी कुडकुडणारे एक पिल्लू त्याने स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून घरी आणले होते. रंगावरून त्याचे नाव भुऱ्या ठेवले. दूध पाजले, रात्री उशाशी घेतले. भुऱ्या मोठा झाला आणि दुकानात गादीच्या कोपऱ्याशी बसू लागला. इतपत सगळे ठीक होते. पण कोणी अंगावरून हात नेला, कोणाचा पाय शेपटीवर पडला, की तो घशातल्या घशात गुरगुरायचा. चावत नसे, नुसता गुरगुरायचा. लुगडे बघायला आलेली बाई दचकून उठायची, आणि उठलेले गिऱ्हाईक पुन्हा बसत नाही हे कापडवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

व्यापाऱ्याच्या हाताशी कापड मोजायचा लोखंडी गज असे. भुऱ्या गुरगुरला की तो गजाचे टोक त्याच्या नाकावर टेकवी. मारत नसे हो, टिचकीएवढेच. पुढे तर नुसता गज उचलला तरी पुरे होई. दोन महिन्यांत भुऱ्याची गुरगुर पार बंद झाली. मुले शेपूट ओढू लागली, लोक पायावर पाय देऊ लागले, भुऱ्या गप्प. "शेटजींचा कुत्रा म्हणजे साधू आहे साधू," असे लोक म्हणत. व्यापारी मग त्याच्या तोंडातली भाकरी काढून दाखवी आणि म्हणे, "बघा, हूं की चूं नाही!"

मग पोळा आला. व्यापाऱ्याच्या दारी बैल नव्हते. त्याच्या आठ वर्षांच्या नातीने, कुमुदने, भुऱ्यालाच बैल करायचे ठरवले. अंगावर गेरूचे ठिपके काढले, गळ्यात घुंगरमाळ घातली, आणि कागदाचे बाशिंग कपाळावर धरून त्याचा दोरा कानामागे बांधू लागली. भुऱ्या हलला नाही, गुरगुरला नाही. त्याने सरळ तिचे मनगट धरले. दवाखान्यात पाच टाके घालावे लागले.

घरात हलकल्लोळ झाला. पेठेने लगेच रंग बदलला. कालचा साधू आज पिसाळलेला ठरला. "अशा मुक्या कुत्र्याचा भरवसा नाही शेटजी, संपवून टाका," असे जो तो सांगू लागला. व्यापाऱ्यालाही ते पटत होते, पण हात धजत नव्हता. शेवटी भुऱ्याच्या गळ्यात दोरी बांधून तो डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आबांकडे गेला.

आबांचे सारे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. कळप राखणारी किती कुत्री त्यांच्या हाताखाली तयार झाली याची मोजदाद नव्हती. आता वय झाल्यावर ते एका जागी स्थिरावले होते, आणि लोक आपली हाताबाहेर गेलेली कुत्री त्यांच्याकडे आणून सोडत. त्यांच्यापाशी एक शिष्यही राहत होता. तो चांगला तिशीचा माणूस. शहरात लोकांच्या कुत्र्यांना बसायला, उठायला, हातात पंजा द्यायला शिकवण्यात त्याचा हातखंडा होता. तरी आबांच्या कुत्र्यांत जे त्याने पाहिले ते त्याला साधत नव्हते, म्हणून तो शिकायला आला होता.

"आबा, घट बसायला एक महिना आहे," व्यापारी म्हणाला. "सणाला घर माणसांनी भरणार. तोवर हा सुधारला तर घरी नेईन. नाही तर..." दोरी आबांच्या हातात देऊन तो पाठमोरा झाला आणि उपरण्याने डोळे पुसत निघून गेला.

आबांनी पहिल्याच संध्याकाळी ओळखले की भुऱ्या मान एका बाजूला कलती धरतो आहे. मऊ फडक्याने त्याचे तोंड बांधून, शिष्याला धरायला लावून त्यांनी कान तपासला, तर आत गवताचे कुसळ रुतलेले. त्यांनी ते चिमट्याने अलगद ओढून काढले.

शिष्य आनंदला. "म्हणजे दुखऱ्या कानाला धक्का लागला म्हणून चावला. आबा, मग तर काम झालंच. उद्याच पाठवून देऊ घरी!"

आबा कुसळाकडे पाहत म्हणाले, "कुसळ निघालं रं. पर ते टोचत व्हतं तवा ह्यो बोलला का न्हाई?"

शिष्याला त्यातले काही कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झाले ते तर त्याहूनही कळले नाही. आबा सकाळी भुऱ्यासमोर मांडी घालून बसत. हळूच हात त्याच्या कानाकडे नेत. भुऱ्या मान फिरवी, किंवा ओठ चाटे, किंवा त्याचे अंग ताठ होई. तेवढे दिसले की आबा हात मागे घेत आणि भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकत. दुपारी पुन्हा तेच, उन्हे उतरताना पुन्हा तेच. शिष्याने वही काढून पहिल्या दिवशी पानभर लिहिले, चौथ्या दिवशी दोन ओळी लिहिल्या, आणि दहाव्या दिवशी "आज काही नाही" एवढेच लिहून वही मिटली.

"आबा, राग मानू नका," तो एकदा म्हणालाच. "पण कुत्र्याला शिकवायचं सोडून आपणच रोज मागं सरतोय. मला द्या, आठ दिवसांत त्याला कानाला हात लावून घ्यायला शिकवतो."

"तू शिकवशील," आबा म्हणाले. "त्येला गप ऱ्हायला शिकवनारा शेटबी तुझ्यावानीच हुशार व्हता."

शिष्य चडफडत उठून गेला. महिन्यातले अठरा दिवस उलटले होते, आणि हा म्हातारा नुसता हात पुढे-मागे करतो आहे याचा त्याला खरोखर संताप आला होता. कुत्रा हकनाक मरणार, असे त्याला वाटू लागले.

एकोणिसाव्या दिवशी व्यापारी न राहवून पाहायला आला. आबा नेहमीसारखे बसले होते. त्यांचा हात कानाशी पोचला, आणि भुऱ्याच्या घशातून एक बारीक, घाबरलेली घरघर आली. गुरगुर म्हणावी इतकीही नाही. ती काढताच भुऱ्याने डोळे मिटून मान खाली घातली, आता नाकावर काहीतरी पडणार अशा तयारीने.

आबांनी चटकन हात मागे घेतला. त्यांचा चेहरा फुलून आला. "शाब्बास रं माझ्या वाघा!" म्हणत त्यांनी अख्खी भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः दोन हात लांब सरकून बसले.

व्यापाऱ्याचे डोके भडकले. "आबा, हे काय चालवलंय? माझ्या नातीला फाडणाऱ्या जनावराला तुम्ही गुरगुरण्याबद्दल दूधभाकरी चारता? जी खोड मी मोडली ती तुम्ही परत लावताय?"

शिष्यही थक्क होऊन पाहत राहिला, कारण त्याच्याही मनात तोच प्रश्न होता.

आबा शांतपणे म्हणाले, "शेट, बसा. कुत्रं उगं चावत न्हाई. आधी मान फिरवतं, मग अंग आखडतं, ओठ चाटतं. त्येबी कुनी बघितलं न्हाई तर गुरगुरतं. गुरगुर म्हंजी इनवनी हाय. 'मला तुमाला चावायचं न्हाई, म्हून जरा मागं सरा,' असं सांगतं ते. तुमी त्येचा राग काढून घेतला न्हाई, भ्या काढून घेतलं न्हाई. निस्तं सांगनं काढून घेतलं. पोरीनं दुखऱ्या कानामागं दोरा आवळला तवा त्येच्यापाशी सांगायला काय उरलं व्हतं? दात."

व्यापारी खाली बसला. मग त्याने कसेबसे विचारले, "म्हणजे कुमुदचा हात... माझ्यामुळे?"

आबांनी सांत्वन केले नाही. "व्हय," ते म्हणाले.

"पण मग हा आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरत बसेल त्याचं काय?"

"न्हाई बसायचा. ऐकत्यात असं कळलं की त्येचं भ्या कमी व्हतं, आन भ्या कमी झालं की गुरगुरबी कमी व्हते. इस्वास न्हाई बसत? या, तुमी लावा हात."

व्यापारी भुऱ्यापुढे बसला. भुऱ्याने शेपूट हलवली, पण हात कानाकडे जाऊ लागताच त्याचे अंग ताठ झाले आणि तीच बारीक गुरगुर आली. आणि त्याच क्षणी व्यापाऱ्याचा उजवा हात आपोआप वर उठला. हातात गज नव्हता, पण मूठ गज धरल्यासारखी वळली होती. भुऱ्या पोट जमिनीला टेकवून सपाट झाला.

व्यापाऱ्याने आपल्या वर उठलेल्या हाताकडे पाहिले. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याने हात खाली घेतला, मागे सरकला, आणखी मागे सरकला, आणि त्या धुळीत बसून ढसाढसा रडला. भुऱ्या काही धावत येऊन त्याला चाटू लागला नाही. तो होता तिथेच पडून राहिला, फक्त त्याने मान वर केली.

त्या दिवसापासून पेठेतला हा प्रतिष्ठित व्यापारी रोज पहाटे उठून डोंगराच्या पायथ्याशी स्वतःवर गुरगुरून घ्यायला जाऊ लागला. लोक हसले. हसू देत. भुऱ्या गुरगुरला की तो मागे सरे आणि भाकरी टाके. तीन दिवस भुऱ्या जास्त गुरगुरला, जणू इतक्या वर्षांचे साठलेले काढत होता. पाचव्या दिवशी कमी. आठव्या दिवशी व्यापाऱ्याने हात पुढे केला तेव्हा भुऱ्याने क्षणभर विचार केला आणि स्वतःच तो कान पुढे आणून त्याच्या तळव्यावर टेकवला. शिष्याने त्या दिवशी पुन्हा वही काढली.

घट बसायला तीन दिवस उरले होते. व्यापारी हर्षभरित होऊन घरी आला आणि जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उद्या मी भुऱ्याला घरी आणतोय. तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही."

या घरात त्याने ठरवले की ठरले, अशीच रीत होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुमुदच्या आईचा, त्याच्या सुनेचा, आवाज आला. लग्नाला दहा वर्षे झाली होती आणि सासऱ्याच्या शब्दाला तिने आजवर कधी उलट शब्द दिला नव्हता. आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कोणाला कळलेच नाही कोण बोलले.

"मामंजी, इतक्यात आणू नका त्याला. मला भीती वाटते."

व्यापाऱ्याची जुनी ऐट क्षणात उफाळली. चेहरा लाल झाला. तोंड उघडले. त्याच्या मुलाने ताटातला हात थांबवला, व्यापाऱ्याच्या बायकोने भांडे खाली ठेवले. सुनेने तर डोळे मिटून मान खाली घातली होती.

ती खाली घातलेली मान व्यापाऱ्याने पाहिली. अशी मान त्याने नुकतीच, आबांकडे एकोणिसाव्या दिवशी, पाहिली होती.

त्याने तोंड मिटले. पाट थोडा मागे सरकवला. मग अगदी हळू विचारले, "किती दिवसांनी आणू? काय केलं म्हणजे तुझी भीती जाईल?"

सुनेने डोळे उघडून वर पाहिले. असे कोणी विचारण्याची तिला सवयच नव्हती. मग ती म्हणाली, "आधी मला तिकडं घेऊन चला. माझ्यावरही गुरगुरू दे त्याला. तो सांगतो आणि मला कळतं, एवढं माझं मला बघू दे."

"चल," व्यापारी म्हणाला. "आणि आणखी काही सांगायचं राहिलं असेल, तर तेही सांग."

घट बसले तेव्हा भुऱ्या डोंगराच्या पायथ्याशीच होता. दसराही तिथेच झाला. सून रोज जात राहिली, पुढे कुमुदला घेऊन जाऊ लागली, आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिनेच स्वतःच्या हाताने त्याची दोरी धरून त्याला घरी आणले. घरात मात्र त्या महिन्यात बरेच काही बोलले गेले, काही कडू, काही वर्षानुवर्षांचे. व्यापाऱ्याने सगळे ऐकले.

आपल्या घरात शेवटचे कोण गुरगुरले होते, आणि तेव्हा आपला हात वर गेला होता की मागे, एवढे आज जेवायला बसण्याआधी ज्याने त्याने आठवून पाहावे.