ऊन कुंडावरचे पाहुणे

एका राज्यात, जिथे डोंगराच्या पोटातून उकळते पाणी वर येई, तिथे प्रवाशांसाठी एक विश्रामगृह होते. गवती चटया, कागदी दारे आणि मागे वाफाळणारे कुंड. राजपुत्र अरिंजय शीण घालवायला तिथे उतरला, तो परतलाच नाही. अमावास्येच्या संध्याकाळी कुंड आपल्या पाहुण्यांना तळाशी ओढते, असे लोक म्हणत. अमावास्या उजाडली, तशी थोरली बहीण शतरूपा कुणाचे न ऐकता तिथे पोहोचली.

दारात मालकीण उभी होती. बोलणे गोड, पण पापणी म्हणून लवत नव्हती.

“पादत्राणे बाहेर ठेवावीत.”

शतरूपेने ठेवली.

“अंग धुऊन मगच कुंडात उतरावे.”

तसेही केले. पाणी इतके सुखाचे, की आपण कशाला आलो हेच ती विसरत चालली.

“आता हात पसरावेत.”

राजघराण्यातली माणसे! आपल्या हाताने कधी कपडे घातलेत कुणी? तिने सवयीने हात पसरले. मालकिणीने झगा चढवला, उजवी बाजू डावीवर घेतली, गाठ मारली. शतरूपेच्या छातीतली धडधड थांबली, आणि तिला त्याचे काहीच वाटले नाही.

तुळईवर बसलेला एक खंड्या पक्षी बोलला, “राजकन्ये, उजवी बाजू वर, ही प्रेताची रीत. जिवंताची डावी. पण ज्याच्या अंगावर गाठ, त्यानेच ती सोडावी, दुसऱ्याचा हात चालत नाही.”

बधिर बोटांनी तिने चाचपडत गाठ सोडली, आणि मालकिणीने कशी मारली ते आठवून, डावी बाजू वर घेऊन बांधली. काळीज धाडकन चालू झाले आणि भीतीने तिची गाळण उडाली.

आतल्या दालनात पाहुणे रांगेने बसले होते, सगळ्यांची उजवी बाजू वर. त्यांत अरिंजय.

“अरिंजया, गाठ सोड!”

“मला येत नाही, ताई. कधी शिकलोच नाही.”

शतरूपेला रडू फुटले. बाहेर ऊन उतरत होते, कुंड घुरघुरू लागले होते. ती त्याच्यासमोर बसली आणि आपलीच गाठ सोडून, बांधून दाखवू लागली. सोडली की काळीज थांबे, बांधली की चाले. तरी ती थांबली नाही. अरिंजय धडपडत शिकला. त्याचे बघून बाकीचेही शिकले, आणि एकेकाचे काळीज चालू झाले.

मालकीण धावत आली. “माझ्या पाहुण्यांना हात लावू नका!”

“लावलाच नाही,” शतरूपा म्हणाली.

मालकिणीने खाली पाहिले. तिच्याही झग्याची उजवी बाजू वर होती. तिने हळूच गाठ सोडली, आणि झगा चटईवर पडला. आत कुणीच नव्हते. कुंड शांत झाले.

राजवाड्यात सेवक वस्त्रे घेऊन पुढे आले, तेव्हा अरिंजय किंचाळून भिंतीला टेकला. पुढे तो राजा झाला, आणि गाठ मात्र आपली आपणच मारत राहिला. जराशी वाकडी बसे, पण बसे.