पत्र्याखालची हाक

डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका गावात अनसूया नावाची बाई राहत होती. तिला काळजीची इतकी सवय होती, की काळजी नसली तर आपण काहीतरी विसरलोय असं तिला वाटे.

घर कौलारू होतं. डोंगरातली वानरं छपरावर उड्या मारत आणि कौलं फोडत. दर उन्हाळ्यात तिचा नवरा दत्ताराम कौलं चाळून घर शाकारायचा, तरी आषाढात कुठून तरी टपटप सुरू व्हायचीच. घरात तान्ही मुलगी आली, आणि पाणी नेमकं तिच्या पाळण्यात पडू लागलं.

"पुढच्या पावसाच्या आत पत्रे घालू या," दत्ताराम म्हणाला.

"आधी चार जणांना विचारते," अनसूया म्हणाली.

तिने लोहाराला विचारलं, पत्रा गंजतो का. सुताराला विचारलं, वाऱ्याने उडतो का. मास्तरांना विचारलं, त्याच्यावर वीज पडते का. मास्तर म्हणाले, "एवढे प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारत नाही हो." ती ओशाळली, पण थांबली नाही. शेवटी मथुरावहिनीकडे गेली. गावात पत्र्याचं घर तेवढं तिचंच होतं. त्या दिवशी बाहेर रखरखीत ऊन होतं.

"वहिनी, पावसात गळतं का हो?"

"एक थेंब नाही," मथुरावहिनी शेताच्या पलीकडच्या बांधावरून बोलावं तशी ओरडली.

"आणि वानरं?"

"येतात. पाय भाजले की जातात."

"मी इथे समोरच बसलेय, वहिनी. एवढ्या मोठ्याने कशाला?"

"सवय गं. आमच्यात सगळे असेच बोलतात."

माणसंच मोठ्या गळ्याची, अनसूया मनात म्हणाली. तिला हवी ती उत्तरं मिळाली होती. घरावर पत्रे चढले.

श्रावणात एका दुपारी पाऊस कोसळू लागला. अनसूयेने झोपलेल्या मुलीच्या पाळण्यात हात फिरवून पाहिला. कोरडा. ती स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापू लागली. डोक्यावर पत्रा तडतडत होता, पण आत थेंब नव्हता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती पावसात निवांत बसली. मुलगी उठली तर रडेलच, तेव्हा जाऊ, असं तिने ठरवलं.

भाकऱ्या झाल्या. हात पुसत ती सहज माजघरात डोकावली.

पाळण्याच्या काठावर एक भलंमोठं वानर बसलं होतं. भिजलेलं. मागच्या उघड्या दाराने निवाऱ्याला आत आलं होतं. त्याच्या मुठीत मुलीचं दुपटं होतं. मुलीचं तोंड उघडं, गालावर ओरखडा, आणि आवाज मात्र काहीच नाही. मग तिला त्या इवल्या जिभेची थरथर दिसली. मुलगी किंचाळत होती.

अनसूयाही किंचाळली. तिचं किंचाळणं तिलाच नीट ऐकू आलं नाही. ओटीवर दत्ताराम पाठमोरा बसून दोर वळत होता. त्याने मानही वळवली नाही.

तिने झेप घेऊन मुलीला उचललं. वानर दुपटं टाकून शांतपणे दारातून निघून गेलं. मुलीचं तोंड कानाशी आलं तेव्हा कुठे तिला रडणं ऐकू आलं. घसा पार बसला होता. कितीतरी वेळ रडल्यावर बसतो तसा.

ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. मुलीचा गाल पाहून त्याच्या हातातला दोर गळाला. त्याचे ओठ हलले, "कधी झालं?" अनसूयेने नुसती मान हलवली. तिलाही ठाऊक नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर मथुरावहिनी आली. मुलीचा गाल पाहून तीसुद्धा पहिल्यांदाच हळू बोलली.

"पाऊस लागला की आम्ही लेकरू नजरेआड ठेवत नाही गं. पत्र्याखाली हाक पोचत नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू गळतं का विचारलंस. गळत नाही, म्हणून सांगितलं."

दत्ताराम उठला. त्याने माजघरातला पाळणा सोडला आणि स्वयंपाकघरात, भाकरी थापताना तिला दिसेल असा बांधला.

तात्पर्य: नवी सोय आपल्याला काय देईल हे सगळेच विचारतात, ती आपल्याकडून काय नेईल, हे विचारल्याशिवाय तिला घरात घेऊ नये.