धनेशाचे खडे

मुलांनो, एका घनदाट रानात, डोंगराच्या कुशीतल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत एका धनेश पक्ष्याचा संसार होता. धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी उरते. पिल्ले मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही आणि तिचा व पिल्लांचा सारा घास बाहेरचा नर आणतो. तो आला नाही तर आत उपास. आमचा धनेश दिवसभर उडायचा, गळाभर उंबरे आणून फटीतून भरवायचा. कधी झाडावर फळ पिकलेलेच नसे आणि खेप फुकट जाई. पंख भरून येत, पण आत दोन्ही पिल्ले बाळसे धरत होती.

ओढ्याकाठी एक वानर बसून असे. त्याला स्वतःला काही काम नव्हते, म्हणून दुसऱ्याचे काम कसे करावे हे त्याला फार छान कळत असे. तुम्ही मोठे होऊन कामाला लागलात की तुम्हालाही असा एक भेटेलच. तो म्हणाला, "धनेशराव, काय ही वणवण! कामाला काही शिस्त नको? या कातळावर रानाचा नकाशा मांडा. प्रत्येक झाडाच्या जागी एक खडा. फळ पिकलं की पांढरा, कच्चं असेल तर काळा. अगदी तातडीचं काम असेल त्याला तांबडा. रोज सकाळी आधी हे बघायचं, मगच उडायचं!"

धनेशाने खडे मांडले आणि पहिल्या दिवशी खरोखरच एकही खेप वाया गेली नाही. तिथेच तो फसला. मग त्याला वाटले, खडे सारख्या आकाराचे हवेत. त्यासाठी तो नदीवर जाऊ लागला. झालेल्या कामांची एक ओळ आली, उद्याच्या कामांची दुसरी आली. वाऱ्याने ओळ हलली की पहिल्यापासून मांडणी. उन्हे डोक्यावर आली तरी स्वारी कातळावरच! वानर रोज सकाळी येऊन पाहून जाई आणि म्हणे, "वा, धनेशराव! असं काम उभ्या रानात कुणाचं नाही." धनेशाची मान ताठ होई.

ढोलीच्या फटीतून बायको म्हणाली, "अहो, पिल्लं सकाळपासून चोची उघडून बसलीत."

"अगं, त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं! एकदा घडी बसू दे, मग बघ, दुप्पट फळं."

"दुप्पट नकोत हो. आज थोडी तरी आणा. धाकटं आता ओरडतसुद्धा नाही."

धनेशाच्या काळजात चर्र झाले. तो तडक कातळावर गेला आणि ओळीत सर्वांत पुढे एक तांबडा खडा ठेवला. ठेवला आणि त्याला बरे वाटले. अर्धे काम झाल्यासारखे वाटले! मग तो खडा थोडा वाकडा दिसतोय म्हणून त्याने सरळ केला. एवढ्यात अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी तो पांढरा खडा असलेल्या उंबरावर गेला. झाडावर फळ नव्हते. वडावर गेला, तिथेही नव्हते. तिथे फांदीवर वानर ढेकर देत बसला होता आणि त्याचे सगळे गोत भोवती पसरले होते.

"फळं कुठं गेली?" धनेश ओरडला.

"खाल्ली की," वानर म्हणाला. "तुमची मांडणी फार सोयीची हो. आम्हाला आता रान हुडकावं लागत नाही. सकाळी पांढरा खडा बघायचा आणि तिथं जायचं. तुम्ही कधी दिसला नाहीत, म्हटलं तुम्हाला नको असतील."

धनेश भान हरपून उडाला. दूरच्या एका झाडाखाली पडलेली दोन नासकी उंबरे त्याला मिळाली. ती घेऊन तो ढोलीपाशी आला, फटीतून आत सरकवली. आतून ती परत बाहेर आली आणि खाली पडली.

"आता कुणाला भरवू?" बायको म्हणाली. तिने एवढेच विचारले आणि चोच आत घेतली.

सकाळी धनेश कातळावर गेला. ओळीत सर्वांत पुढे तांबडा खडा अजून तसाच होता, अगदी सरळ. त्याने तो चोचीत उचलला. एका बाजूला झालेल्या कामांची ओळ होती, दुसऱ्या बाजूला उद्याच्या कामांची. खडा कुठे ठेवावा हे त्याला कळेना. दिवस वर आला तरी तो तसाच चोचीत धरून उभा होता.

तात्पर्य : काम नीट मांडले म्हणजे काम झाले, असे फक्त मांडणाऱ्याला वाटते. आत उपाशी बसलेल्याला ते कधीच वाटत नाही.