कावळीच्या पिंडाला माणूस शिवेना

शप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे कावळ्यानेच सांगितली, तेव्हा अर्धीच धरा.

फार पूर्वी दगडू कावळ्याची बायको आजारपणात गेली. दहाव्याला त्याने नदीकाठी पिंड ठेवला. कावळ्यांच्या पिंडाला माणूस शिवावा लागतो, नाहीतर गेलेल्याला गती नाही. माणूस आला, पण नुसताच बसून राहिला.

"मला दुःख झालंय हो," दगडू म्हणाला. माणूस ढिम्म.

काठावरचं म्हातारं कासव म्हणालं, "बाबा, डोळे मीट. आत जे येईल त्याला हाकलू नकोस, फक्त नाव दे."

दगडूने डोळे मिटले. "राग आहे. मी आणलेला औषधाचा पाला ती थुंकायची." त्याने चोच पंखात खुपसली. "ती गेली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज आहे."

माणूस उठला, मीठ कमी आहे म्हणाला आणि सगळा पिंड खाऊन गेला.

गोष्ट फुकट नाही. तुमच्या आत काय आहे, त्यातलं एक नाव सांगा आणि मग उठा.