बाराव्या दगडावरची सुपारी

मोरकोंडची घाटी चढून वर गेलं की झाडी एकदम संपते आणि सडा लागतो. काळ्या-तांबड्या कातळाचा, तळहातासारखा सपाट. या सड्याच्या मधोमध जांभ्या दगडाच्या बारा बैठका गोलाकार मांडलेल्या आहेत. बारा गावांची सभा पूर्वापार इथेच भरते. अकरा दगड माणसं बसून बसून गुळगुळीत झाले आहेत. बारावा मात्र पुन्हा खरखरीत झाला आहे, कालच खाणीतून काढल्यासारखा. त्यावर कुणी बसत नाही. त्यावर फक्त एक सुपारी असते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आमदारांची एक समिती या सड्यावर आली होती. जुनी देवळं, देवराया आणि गावोगावच्या मूर्ती यांच्यासाठी नवा कायदा यायचा होता. सभागृहात त्यावर चर्चा होण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं, म्हणून ही मंडळी फिरत होती. इथला प्रश्न उंबरघळचा होता. उंबरघळ हे बारांपैकी एक गाव, पण केव्हाचं ओसाड. तिथल्या राईत उंबरजाईची फार जुनी मूर्ती आहे. ती चोरांच्या हाती लागण्याआधी शहरातल्या संग्रहालयात न्यावी, असा विचार होता.

समितीच्या अध्यक्षबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. मग विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

कुणीच बोललं नाही. समितीचं कामकाज टिपून घेणाऱ्या बाईंची गाडी घाटीत तापून बसली होती, म्हणून अध्यक्षबाई शेजारच्या आमदारांना म्हणाल्या, "त्या आल्या की 'कुणाची हरकत नाही' असं लिहून घेऊ."

तेव्हा धोंडबा गुरव काठी टेकत उठले. वय ऐंशीच्या पुढे.

"येवढं नका लिहू, बाई," ते म्हणाले. "ह्या सड्यावर गप बसलेल्याचं होय धरीत नाय. एकदा धरलं होतं. माझ्याच पणज्यानं."

गाडी वर यायला वेळ होता. अध्यक्षबाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि धोंडबांनी ती हकिकत सांगितली. ती अशी.

उंबरघळ तेव्हा नांदतं गाव होतं. मोठं नव्हे, नऊच घरं. तिथली आवडा नावाची मुलगी पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, साखरवण्यात दिली होती. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच उंबरघळात पटकी आली. पहिल्या दिवशी दोन माणसं गेली, दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी उरलेल्यांनी देवीपुढे बसून ठरवलं, की आपण गाव सोडायचं नाही. आपण पळालो तर हे दुखणं अकरा गावांत जाईल. त्यांनी शिवेवर काटेरी फांद्या ओढल्या आणि निरोप पाठवला, कुणी येऊ नका, आम्हीही येत नाही.

आवडा पाटीत भाकऱ्या घेऊन पऱ्यापर्यंत गेली होती, असे सांगतात. पलीकडे तिची आई उभी होती, केस मोकळे, पदर खांद्यावरून ओघळलेला. आवडाने पाण्यात पाय घातला तशी आई ओरडली, "येऊ नको!" त्या आवाजात इतकी जरब होती की आवडा मागे सरकली. पाटी तिथेच दगडावर ठेवून ती परत फिरली. चार दिवसांनी पाहिलं तर भाकऱ्या तशाच होत्या.

दुखणं पऱ्या ओलांडून आलं नाही. अकरा गावं वाचली. उंबरघळात मात्र चूल पेटवायला कुणी उरलं नाही. त्यानंतर आवडाने माहेरच्या एकाही माणसाचं नाव तोंडातून काढलं नाही. नाव घेतलं की ते माणूस गेलं हे खरं होईल, असं तिला वाटे. सासरची माणसं वाईट नव्हती. तीही तो विषय काढत नसत.

पण सभेपुढे अडचण आली. देवाचं काम असेल तर बारा गावांचं होय लागे, अकरांचं चालत नसे. बारावं होय आणायचं कुठून? तेव्हा धोंडबांच्या पणज्याने, बाळकोबा गुरवाने, तोड काढली. पूजेला घरधनीण हजर नसली की आपण तिच्या जागी सुपारी मांडतो. तशी उंबरघळच्या दगडावर सुपारी मांडू. प्रत्येक गावाला विचारायचं, तसं सुपारीलाही विचारायचं. ती गप्प राहिली की बाळकोबाने म्हणायचं, "गप म्हंजे होय."

आणि सुपारी काय बोलणार? सात वर्षं असंच चाललं. जत्रेचा दिवस, पालखीची वाट, मानाचा नारळ, सगळ्याला उंबरघळ होय म्हणत गेलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आठव्या वर्षी मोरकोंडच्या अंताजी खोतांनी देवीचा विषय काढला. उंबरजाई ओसाड गावात उपाशी बसली आहे, तिला दिवा नाही की नैवेद्य नाही, तिला मोरकोंडात आणू, चांगलं चिरेबंदी देऊळ बांधू. आणि देवळाच्या तुळया-खांबांसाठी तिच्याच राईतले ऐन आणि किंजळ तोडू. खोत वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांना खरंच देवीची काळजी होती, आणि आपल्या गावाचा मोठेपणाही हवा होता. माणसाचं असंच असतं.

देवाचा निवाडा भर दुपारी करायचा, अशी या सभेची रीत होती. सूर्य डोक्यावर असला म्हणजे कुणाची सावली दुसऱ्यावर पडत नाही. त्या दुपारी अकरा गावांचे मानकरी दगडांवर बसले. बायका पाण्याच्या कळशा घेऊन रिंगणाबाहेर उभ्या होत्या. त्यांत आवडा होती. बारावा दगड तिच्यासमोर होता.

"बरं झालं गो बाये," शेजारची एक म्हणाली. "तुझी माहेरची देवी हाकेवर येईल. माहेरपणाला पऱ्या वलांडायला नको."

आवडाने कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. तिला राई दिसत होती. पटकीच्या दिवसांत गेलेल्यांना मसणवटीत न्यायला माणसं उरली नव्हती. शेवटचे सगळे त्या ऐनांच्या मुळाशीच निजले होते. त्यांच्यावर दगड नव्हते, कुणाचं नाव नव्हतं. ती झाडं होती, तेवढीच खूण. झाडं तोडली की उंबरघळ कुठे होतं हे सांगायलाही काही राहणार नव्हतं.

वाद झाला. नाही असं नाही. चिंचवलीचा एक म्हातारा म्हणाला, देवी त्या मातीची आहे, तिला उपटून नेऊ नये. त्यावर खोत म्हणाले, माती पुजायला माणूस लागतो, आजोबा. लोक हसले. मग एकेका गावाला विचारलं. चिंचवलीच्या म्हाताऱ्यानेही शेवटी मान हलवली. साखरवण्याच्या दगडावर आवडाचा सासरा देमाजी बसला होता. त्याने सुनेकडे न बघता होय म्हटलं.

अकरा होय झाले. खोतांनी बाराव्या दगडाकडे तोंड केलं.

"उंबरघळकर, तुमचं काय?"

बाळकोबा नेहमीसारखा म्हणाला, "गप म्हंजे होय."

सुपारी दगडावरून घरंगळली आणि खाली पडली.

वारा नव्हता. बाळकोबाने ती उचलून परत ठेवली. ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने ती ठेवली आणि वर बोट दाबून धरलं. धोंडबा सांगतात, की पणज्याने मरेपर्यंत ते बोट कुणाला लावलं नाही. त्याच्या बोटाखाली ती सुपारी पऱ्यातल्या गोट्यासारखी गार होती आणि आतून कुणीतरी दार ठोठावावं तशी हलत होती.

त्याच वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं, की सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गेल्या आहेत, पण बाराव्या दगडाची सावली लांबवर पडली आहे. आणि ती दगडाची वाटत नव्हती. दाटीवाटीने बसलेल्या माणसांची वाटत होती.

खोत काहीतरी म्हणाले. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी गळ्याला हात लावला. शेजारचा बोलू लागला, त्याचंही तेच. सड्यावर एक टिटवी चोच उघडून ओरडत होती, तिचंही काही ऐकू येईना. एका बाईच्या हातून कळशी कातळावर पडली, पाणी सांडलं, पण तिचा आवाज झाला नाही. सात वर्षं त्यांनी उंबरघळच्या गप्प राहण्याला होय म्हटलं होतं. आता सड्यावर ते गप्पपणच उरलं.

लोक उठून पळाले असते, पण पाय कातळाला चिकटल्यासारखे झाले होते.

आवडाच्या तोंडून भीतीने "आये" असं निघालं. आणि ते तिला ऐकू आलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. तिच्याशिवाय कुणाला आवाज नव्हता. का, ते तिला त्या क्षणी समजलं. उंबरघळला सात वर्षं प्रश्न विचारला जात होता, पण नाव घेऊन कुणी विचारलंच नव्हतं. नावं फक्त तिला ठाऊक होती. आणि तिनेच ती गिळून ठेवली होती.

बाईमाणसाने रिंगणात पाय ठेवायचा नाही, अशी रीत. आवडा रिंगणात गेली. देमाजीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बाराव्या दगडापुढे उभी राहून तिने विहिरीपासून सुरुवात केली, जशी लहानपणी ताक द्यायला घरोघर जात असे.

"विहिरीवरचं घर. लखूकाका. देवीला नेऊ द्यायची?"

दगडाच्या बाजूने एक खोकला आला. लखूकाकांचा, तोच, दम लागलेला. मग हळू आवाजात, "नाय."

"फणसाखालचं घर. चंद्रीआते."

"नाय गो."

आवडा थांबली नाही. तांबट्यांचं घर. दोन दारांचं घर. भग्या गोवाऱ्याचं घर. तो जन्मभर सगळ्याला हसत असे, त्याचा नाय सुद्धा हसत आला आणि तेच ऐकून रिंगणातली मोठमोठी माणसं थरथरली. आठ घरं झाली. एकेक आवाज ओळखीचा, फक्त ओल्या मातीतून आल्यासारखा.

नववं घर तिचं होतं.

तिथे ती अडकली. हे नाव घेतलं, की मग पऱ्यापलीकडे आई उभी आहे असं मनात धरायची सोय राहणार नव्हती. पण न घेतलं तर एक घर न विचारताच राहिलं असतं, आणि गप्प राहिलेलं घर होय धरलं गेलं असतं.

"राईकडचं घर," ती म्हणाली. "काशी. माझी आये."

काही आलं नाही. सावली हलली आणि मधे थोडी जागा झाली, एका माणसाला बसता येईल एवढी. आवडाला वाटलं, आपल्याला बोलावताहेत. एवढी सगळी ओळखीची माणसं एकत्र, आणि आपण एकटीच बाहेर. तिचा पाय उचलला गेला. आणखी एक पाऊल, आणि ती त्या दगडावर बसली असती.

"येऊ नको!"

तोच आवाज. तीच जरब. आवडा मागे पडली ती कातळावर, आणि त्याच क्षणी टिटवीचं ओरडणं सगळ्यांच्या कानांवर आदळलं. कळशी पडल्याचा ठणठणाट तेव्हा ऐकू आला, म्हणे.

 मग अंताजी खोत दगडावरून उतरले, डोक्याचं पागोटं काढून त्यांनी आवडापुढे ठेवलं.

"पोरी, चुकलं आमचं," ते म्हणाले. "आम्ही विचारलं, पण ऐकायला थांबलो नाही."

देवी उंबरघळातच राहिली. राईला कुऱ्हाड लागली नाही. आवडाने नवस केला, की जिवंत असेपर्यंत दर अमावास्येला पऱ्या ओलांडून देवीला दिवा लावीन, आणि तिने तो पाळला. तिच्यानंतर साखरवण्याच्या सुना तो पाळतात. सभेने ठराव केला, की देवाच्या कामात आधी उंबरघळची नऊ घरं नावानिशी पुकारायची, प्रत्येक नावामागे एक श्वासभर थांबायचं, आणि गप्प राहिलेल्याचं होय कधी धरायचं नाही. पुकारा गुरवाने करायचा. चूक त्याच्या घराची, म्हणून.

धोंडबांचं सांगून झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टिपून घेणाऱ्या बाई नुकत्याच धापा टाकत वर पोचल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगायच्या आत अध्यक्षबाई म्हणाल्या, "गुरवबाबा, मग आमच्या प्रश्नालाही पुकारा करा."

धोंडबा बाराव्या दगडापुढे उभे राहिले. विहिरीवरचं घर. थांबले. फणसाखालचं घर. थांबले. नऊ घरं झाली. सड्यावर कुणाला काही ऐकू आलं नाही. शेवटच्या घरापाशी ते जरा जास्त थांबले. तेवढ्यात टिपून घेणाऱ्या बाईंच्या मागे बसलेला एक आमदार उठून त्या खरखरीत दगडाकडे निघाला होता, हात लावून बघायला. तो मधेच थबकला आणि परत येऊन बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

अध्यक्षबाईंनी टिपून घेणाऱ्या बाईंची वही मागितली. पानावर एकाखाली एक नऊ घरं लिहिली होती. आठांपुढे 'नाय' असं होतं.

"नववं घर राहिलं वाटतं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नाही, खाली लिहिलंय," त्या बाई म्हणाल्या. "त्या नाय म्हणाल्या नाहीत. त्या या साहेबांवर ओरडल्या ना, येऊ नको म्हणून. ते कामकाजात घ्यायचं की गाळायचं?" आणि त्या मान वळवून मोकळ्या सड्यावर कुणालातरी शोधू लागल्या. "कुठे गेल्या? केस मोकळे होते बघा."

ते पान गाळलं नाही, असे सांगतात. मूर्ती संग्रहालयात गेली नाही. राईला कुंपण झालं आणि साखरवण्याच्या बायकांच्या सोबतीला एक राखणदार मिळाला.

आजही त्या सड्यावर देवाचा विषय निघाला की आधी नऊ घरं पुकारतात आणि प्रत्येक घरापाशी श्वासभर थांबतात. आजही बारावा दगड खरखरीतच आहे. सुपारी दर सभेला नवी ठेवावी लागते. जुनी कशी जाते ते कुणी पाहिलेलं नाही. पऱ्याकाठच्या ज्या दगडावर आवडाने भाकऱ्यांची पाटी ठेवली होती, तिथे मात्र त्या जुन्या सुपाऱ्या सापडतात, एकाशेजारी एक मांडलेल्या.