बूच न काढता

एकदा एका महामार्गालगतच्या गावात विहिरीच्या पाण्याला औषधासारखा उग्र वास येऊ लागला. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. टाकी बदलली, पण पेट्रोल नीट जळावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळतात, ते साखरेसारखे विहिरीच्या पाण्यात विरघळून बसले होते. शेवटी कंटाळून गावाने विहीर मुरूम टाकून बुजवायचे ठरवले.

त्या गावची एक मुलगी शहरात एका वृद्ध आचार्यांकडे सूक्ष्मजीवांचे शास्त्र शिकत होती. भर उन्हाळ्यात गावाला तीच एक विहीर पुरायची, हे ठाऊक असल्याने तिचा जीव कासावीस झाला. ती आचार्यांना गावी घेऊन आली. त्यांनी गावच्या जत्रेपर्यंतची, काही महिन्यांची मुदत मागून घेतली. विहिरीच्या तळचा काळा गाळ आणि तेच पाणी त्यांनी दोन बाटल्यांत भरले, आतली हवा घालवून रबरी बुचे घट्ट बसवली. एक बाटली स्वतःकडे ठेवली, दुसरी शिष्येला दिली.

"या गाळात हवेवाचून जगणारे जीव आहेत. त्यांना काम करू दे. बूच काढू नकोस," एवढेच ते म्हणाले.

शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. शिष्येने ती बाटली डोळ्यांत तेल घालून जपली, आणि तिथेच घोटाळा झाला. बुचातून सुई घालून थेंब काढायचा आणि प्रयोगशाळेतल्या पाणी तपासणाऱ्या यंत्राला दाखवायचा, ही रीत तिला चांगली येत होती. पण गावाहून रोज फोन यायचा, काय झालं म्हणून विचारणा व्हायची, आणि यंत्राचा आकडा येईपर्यंत तिला थांबवेना. मग ती बूच क्षणभर काढून वास घ्यायची. वास तसाच. बूच पुन्हा घट्ट. एवढ्याने काय होते, अशी तिने मनाची समजूत घातली होती. जत्रा जवळ आली तशी तिची झोप उडाली.

जत्रेच्या तोंडावर ग्रामसभा भरली. मुरमाचा डंपर विहिरीपाशी येऊन उभाच होता. शिष्येने खालमानेने आपली बाटली आचार्यांच्या हाती दिली. त्यांनी ती सर्वांदेखत उघडली आणि परातीत ओतली. उग्र वास पसरला. लोक उठू लागले, सरपंचांनी डंपरवाल्याला हात केला. आपली फजिती चव्हाट्यावर आणायची सरांना एवढी काय घाई, हे शिष्येला उमजेना.

मग आचार्यांनी सरपंचांना थांबवले आणि स्वतःची बाटली दुसऱ्या परातीत ओतली. सरपंचांनी वाकून वास घेतला. खात्री पटेना म्हणून पुन्हा घेतला.

"याला वास नाही," ते हळूच म्हणाले.

"यंत्रही तेच सांगतं," आचार्य म्हणाले. "गाळ एकाच विहिरीचा, पाणी एकच. पण एक बाटली आम्ही धास्तीपोटी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. हवा आपला प्राण आहे, या जीवांना ती विष आहे. ते बंद अंधारात, सावकाश त्या द्रव्याचे तुकडे करतात. आपण काळजीने डोकावलो तरी ते मरतात. त्यांना आपली काळजी कळत नाही. विहिरीवर झाकण घाला. सुईने नमुना आम्ही काढू. यंत्र निर्वाळा देईपर्यंत तिचं पाणी कोणी पिऊ नका."

"म्हणजे विरजण ढवळून बघितल्यासारखं झालं की," पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली. चार माणसे हसली.

शिष्येला हसू आले नाही. आचार्यांना सारे ठाऊक होते, तरी ते 'आम्ही' म्हणाले होते. त्या एका शब्दाने तिला भरून आले. ती उभी राहिली.

"आम्ही नाही. मी उघडली," ती म्हणाली.

डंपर मुरमासकट माघारी गेला. विहिरीवर लोखंडी झाकण बसले, कुलूप लागले. खरे बोलणाऱ्या पोरीचे सरपंचांना कौतुक वाटले होते. त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली.

तिने हात मागे घेतला.

"माझ्याकडे नको, काका. मी उघडून बघेन."