पाणजाईचं मागणं

बसा पाहुणे, या पायरीवर सावली आहे. समोर तळ्याकाठी भांडी घासतायत ते पुरुषच आहेत, तुम्हाला भास झालेला नाही. आमच्या धोंडेगव्हाणात भांडी, दळण आणि निम्मं पाणी पुरुषांकडे असतं. वेशीपाशी माझं दुकान आहे. घासणी न् साबण न्यायला बाप्येच येतात, आणि भाव करण्यात अजून कच्चे आहेत. देवीची कृपा, दुसरं काय!

हे तळं खोदलं तेव्हा, असं सांगतात, कितीही खोल गेलं तरी ओल लागेना. गुरं मरायला लागली. तेव्हा आमची देवी पाणजाई भगताच्या अंगात आली आणि म्हणाली, "ज्याच्या एकट्याच्या जिवावर घर उभं आहे, असं माणूस मला द्या. पुनवेला न्यायला येईन."

रायाजी पाटील रोज चावडीवर सांगायचे, माझ्या जिवावर घर चालतंय. साऱ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. पाटील घाईघाईनं म्हणाले, "छे, छे! मी नुसता जेवणारा. पाणी, दळण, चूल, गुरं, सगळं हिच्याच जिवावर." मग एकेक गडी तेच बोलू लागला. बायकांनी एवढं कौतुक जन्मात ऐकलं नव्हतं म्हणे.

पण शब्द देवीपुढं गेला होता. आधी बोलले पाटील, म्हणून त्यांची बायको ठकूबाई ठरली. हिरवं लुगडं आलं, ओटी तयार झाली. तरी संध्याकाळी ती घागर घेऊन लांबच्या झऱ्याकडं निघाली. पाटलांना राहवेना.

"अगं, आजच्या दिवस तरी बस की."

"बसते. मग पाणी कोण आणणार? अन् मी गेल्यावर कोण आणणार?"

पाटलांनी उठून घागर स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्यांच्या पाठमोऱ्या चालीकडं बघता बघता ठकूबाईला वाट सापडली. "अहो, थांबा!" ती म्हणाली. "देवीला ज्याच्या एकट्याच्या जिवावर घर उभं आहे, असं माणूस हवंय. तसं घरच गावात ठेवलं नाही तर?"

बातमी घरोघर गेली. गडी जात्यावर बसले. हाताला फोड आले, पीठ जाडंभरडं निघालं, पण कुणी उठलं नाही.

पुनवेला देवी भगताच्या पायांनी दारोदार फिरली आणि शेवटी पाटलांच्या उंबऱ्याशी आली. ठकूबाई गुरांना वैरण टाकत होती. पाटील राखेनं तवा घासत होते, मिश्यांपर्यंत काळे झालेले.

"हिला नेऊ?" देवीनं विचारलं.

पाटील तवा हातात घेऊनच उभे राहिले. "नेलीस तर निम्मंच घर पडेल, आई. निम्मं मी धरलंय. तुझं मागणं पुरं व्हायचं नाही."

देवी हसली म्हणे. हसता हसता भगत घामानं निथळला, आणि पहाटे तळ्याला पाझर फुटला.

आजही जत्रेला भगत दारोदार जातो आणि "कुणाच्या जिवावर?" एवढंच विचारतो. नवराबायकोनं आपापले हात दाखवायचे, ओले नाहीतर पिठाचे. एकाचे कोरडे निघाले, की देवी तिथंच बसते. गेल्या साली सरपंचांच्या दारात दुपारपर्यंत बसली होती. शेवटी त्यांनी परात ओढून कणीक मळायला घेतली, तेव्हा उठली.